थंडीतलं फसवं दव

दिल्लीजवळ सोनीपतला मी पहिल्यांदा ग्लॅडिओलस लावला. थंडीत पाणी कशाला, म्हणून पाळी लांबवली. रोज सकाळी माती ओली दिसायची. ते नुसतं दव होतं! चार बोटं खाली सगळं कोरडं. रोपं तेव्हा चार-पाच पानांवर होती, आणि फुलदांडा नेमका याच वेळी आत तयार होत असतो. पुढे दांडे आले ते आखूड, कळ्या मोजक्या. गाझीपूरच्या फूलमंडीत भाव ठरतो तो दांड्याच्या लांबीवर अन् कळ्यांवर. मागाहून कितीही पाणी पाजा, गेलेली लांबी परत येत नाही.

दुसऱ्या वर्षी घाबरून पाणी सोडतच राहिलो. कंद कुजले. मुळांना हवाही लागते ना!

आता वीतभर खालची माती मुठीत दाबतो. लाडू वळला आणि बोटानं फुटला, तर ठीक. हाताला चिखल लागला तर थांबायचं. लाडूच वळला नाही, तर पाणी. आपला वाफसा तो हाच. शेजारचे ताऊ त्याला 'बत्तर' म्हणतात. आमची जमीन रेताड, म्हणून दर चार-पाच दिवसांनी मूठ दाबावी लागते. तुमची काळी असेल, तर हिशेब वेगळा.