कॉलेजच्या संघातून घडलेला गुरू

बीदर व गुलबर्गा हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत. मराठी, कानडी व उर्दू बोलणाऱ्या या मुलखातील अनेक तरुण उच्च शिक्षणासाठी राजधानी हैदराबाद गाठीत. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याच शहरातील सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ‘इलेव्हन हंटर्स’ हा फुटबॉल संघ १९२७-२८ च्या हंगामात नावाजला गेला.

या संघातून आणि उस्मानिया विद्यापीठाकडून खेळलेले सय्यद अब्दुल रहीम पुढे शिक्षक झाले. क्रीडांगणावरही त्यांनी शिक्षकाचीच दृष्टी ठेविली. एकट्याने चेंडू खेळवीत नेण्यास मनाई असलेले सामने, केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे सामने, असे प्रयोग त्यांनी योजिले. चेंडू तत्काळ सोबत्याकडे द्यावा, व्यक्तीपेक्षा संघ मोठा मानावा, हे त्यामागील सूत्र होते.

त्याचे फळ लवकरच दिसले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले.

कॉलेजचा हंगाम अल्पकाळाचा असतो. परंतु तेथे जडलेली सांघिक वृत्ती एखाद्या गुरूच्या हातून साऱ्या देशाच्या उपयोगी पडते, याची साक्ष हैदराबादच्या या परंपरेने दिली आहे.