खालाच्या रिपोर्टमधले दोन शब्द

पुण्यात कोंढव्याला राहणाऱ्या माझ्या खालाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तीन केमो झाल्यावर पेट-सीटीच्या रिपोर्टमध्ये आलं, 'मिक्स्ड रिस्पॉन्स'. मूळ गाठ लहान झाली, पण छातीतल्या एका लसिकाग्रंथीत नवी चमक. मामू म्हणाले, दवा लागू पडली. अम्मी रडायला लागली.

या स्कॅनआधी किरणोत्सारी साखर टोचतात. ती जास्त खाणारी जागा चमकते. कॅन्सर खातोच, पण जंतुसंसर्गाची सूज आणि टीबीची गाठही खाते. आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही! मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज 30 टक्के घटली की अंशतः प्रतिसाद धरतात. मात्र नवी गाठ नक्की कॅन्सरची निघाली, तर बेरीज घटूनही आजार वाढला असंच मानतात. म्हणून डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली.

घरात ठरत होतं, खालाला काही कळू द्यायचं नाही. मी भांडलो. शरीर तिचं, सही तिची. सगळं ऐकून तिने कागदावर सही केली आणि विचारलं, "म्हणजे टीबी निघावी अशी दुआ करायची का?"

रिपोर्ट गुरुवारी येईल.