खोंडाचे दात बदलतात तेव्हा



बाजारात खोंड घेताना आपण दात बघूनच सौदा करतो. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द तुम्हाला मी सांगायला नकोत. पण पैसे मोजून झाले, की त्या तोंडात पुन्हा कोणी डोकावत नाही. जबड्याला जपायचे दिवस मात्र तेच असतात.

खोंडाचे पुढचे दुधाचे दात दोन-अडीच वर्षांपासून पडू लागतात. साडेचार-पाच वर्षांपर्यंत खालचे आठही पक्के येतात; गावरान जनावरात थोडे मागेपुढे होते. याच काळात आतल्या दुधाच्या दाढाही बदलतात. त्या दिसत नाहीत, म्हणून आपल्या ध्यानात येत नाहीत.

हलणारा दात पक्कडीने ओढू नका. खालचा पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचे मूळ झिजते आणि तो आपसूक पडतो. घाई केली तर मूळ मोडून आत राहते, हिरडी फाटते. दाताभोवतीचे हाड दाताच्या आधाराने टिकते. पक्की दाढ कायमची गेली, तर तिथले हाड आक्रसते, शेजारच्या दाढा त्या फटीकडे कलतात. समोरच्या दाढेला घासायला काही उरत नाही, ती लांब वाढते. मग जनावर एकाच अंगाने चावते आणि चारा अर्धवट गिळते. पेंड कितीही घाला, अंगी लागत नाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. दात पडल्यावर हिरडीतली खाच काही दिवस उघडी असते. तिच्यात कुसळ किंवा बाभळीचा काटा रुतला, की तोंडातलेच जंतू हाडात शिरतात. जबड्यावर टणक गाठ येते. सुरुवातीला ती दुखत नाही, म्हणून आपण ‘बघू पुढं’ म्हणतो. पुढे ती फुटून पू येतो, दाढा हलू लागतात. गाठ हाताने सरकत नसेल, हाडालाच धरून असेल, तर त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डाग देऊ नका, त्याने हाडातला रोग जात नाही. लवकर उपचार झाले तर वाढ थांबवता येते. फुगलेले हाड मात्र पहिल्यासारखे होत नाही.

या दिवसांत कडब्याची कुट्टी करून घाला, पेंड भिजवून द्या, कुसळी गवत टाळा. रवंथ करताना घास गळतो का, तोंडाला घाण वास येतो का, तेवढे बघत चला. आणि हो, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, अशा जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नका. ते पिसाळलेलेही असू शकते. डॉक्टरांनाच बोलवा.