जुनी तबकडी आणि नवा पडदा

लग्नमुंजीचीं, किंवा आतां हयात नसलेल्या वडीलमाणसांचीं चलच्चित्रें अनेक घरांत डीव्हीडीच्या तबकडीवर जपून ठेवलेलीं असतात. नवा मोठा टेलिव्हिजन संच येतो, तबकडी लावली जाते, आणि पूर्वी स्वच्छ दिसणारे चेहरे पुसट भासूं लागतात. मग विक्रेता सांगतो, "अमुक प्लेअर घ्या, तो साध्या चित्राचें हाय डेफिनिशन चित्र करतो." या विधानांत तथ्य किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

१९९६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आलेली डीव्हीडी त्या काळच्या संचांसाठीं योजलेली होती. आपल्याकडील पाल पद्धतीच्या तबकडीवर एका ओळींत ७२० ठिपके व अशा ५७६ ओळी, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बरोबर पांचपट. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका उजळावा तर लागतोच. परंतु दर पांचांमागें आधार एकाचाच. उरलेली भरणी हिशेबानें करावी लागते. तिलाच अपस्केलिंग म्हणतात.

लॉगरिदमचें कोष्टक हाताळलेल्यांस ही युक्ति अपरिचित नाहीं. कोष्टकांत नसलेली किंमत शेजारच्या दोन किंमतींवरून काढतात. एका ठिपक्याचा उजेड ४० व दुसऱ्याचा ८० असेल, तर मधल्या तीन जागीं ५०, ६० व ७० घालावयाचे. शेजारचा ठिपकाच पुन्हा उतरला तर कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. नुसती सरासरी घेतली तर त्या बोथट होतात. म्हणून चांगलें यंत्र सभोंवारच्या सोळा ठिपक्यांचा विचार घेतें. धार आणण्याचा अतिरेक झाला, तर आकृतीभोंवतीं पांढरी कड उमटते. अलीकडील कांहीं संच असंख्य चित्रांवरून शिकविलेल्या गणितानें केंसांची वा वस्त्राची वीण कल्पितात. पण तो तर्क होय, साक्ष नव्हे.

याहून अवघड काम आधींचें आहे. घरगुती कॅमेऱ्याचें चित्र बहुधा दोन हप्त्यांनीं येतें: सेकंदाला ५० अर्धचित्रें, प्रत्येकांत २८८ ओळी. दोन अर्धांत एकपन्नासांश सेकंद लोटतो. तेवढ्यांत धांवत्या मुलाचा हात सरकतो. तीं अर्धें निष्काळजीपणें जोडलीं, तर हाताच्या कडेला फणीसारखे दांते दिसतात.

हें सर्व काम प्लेअरनें केलें नाहीं तर संच करतोच. म्हणून नव्या खरेदीपूर्वी एचडीएमआय केबल जोडावी, प्लेअर एकदां ५७६-आय व एकदां १०८०-पी वर ठेवून तोच प्रसंग पाहावा, आणि जें बरें दिसेल तें ठेवावें. पुष्कळ 'एचडी रेडी' संचांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. तेथें १०८० चें चित्र आधीं वाढून मग पुन्हा आक्रसतें, आणि दोनदां माप बदलल्यानें त्याची हानीच होते. चार-तीन प्रमाणाचें चित्र रुंद पडदा भरण्यासाठीं ताणूं नये, चेहरे फुगतात. बाजूंच्या काळ्या पट्ट्या पत्करणें बरें.

सारांश, अपस्केलिंगनें जुनें चित्र मोठ्या पडद्यावर नेटकें दिसतें. कॅमेऱ्यानें न टिपलेली सुरकुती मात्र कोणतेंहि यंत्र परत आणीत नाहीं. म्हणून मोठी केलेली प्रत हातीं आली तरी मूळ तबकडी टाकूं नये, आणि तिची जशीच्या तशी नक्कल अन्यत्र ठेवावी. उद्यांचें यंत्र अधिक चांगला हिशेब करील, पण तोहि त्या मूळ ठिपक्यांवरूनच.