घोट्यावरचा उस्ताद

सव्वीस जानेवारीच्या परेडची तालीम दिल्लीच्या धुक्यात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ड्रिल उस्ताद म्हणजे काय हे सांगायला नको. तेज चाल म्हणजे मिनिटाला 120 पावलं, पाऊल 30 इंचांचं. एकाचा बूट उशिरा पडला तरी त्याच्या कानाला कळतं. तो कान चुकवून मी एकवीस वर्षं लंगडत होतो.

मेजर असताना डोंगरात उजव्या गुडघ्याला मार बसला. सांगितलं असतं तर मेडिकल कॅटेगरी उतरली असती, आणि पलटणीची कमांड हातची गेली असती. मग शरीर किंचित डावीकडे टाकायचं, पाऊल लवकर उचलायचं. बघणाऱ्याला ती ऐट वाटते!

निवृत्तीनंतर गुडघा बदलला. नोएडातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने दोन्ही घोट्यांवर आणि कमरेला काडेपेटीएवढ्या डब्या बांधल्या आणि मला व्हरांड्यात चालायला लावलं. टॅबलेटकडे बघून म्हणाली, "सर, आप दाहिने पैर पर भरोसा नहीं कर रहे." उजवं पाऊल डाव्यापेक्षा कमी वेळ जमिनीवर टेकत होतं. सांधा नवा, सवय जुनी.

त्या डबीत असतं काय? एक ॲक्सेलरोमीटर. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पाय झटक्याने पुढे गेला की तो मागे रेंगाळतो, त्याचं शेजारच्या पट्टीपासूनचं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत मिळतो. दुसरा जायरोस्कोप, पाय किती वेगाने वळतो ते मोजणारा. माहिती ब्लूटूथवरून टॅबलेटवर जाते.

खरी गंमत हिशेबात आहे. त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढताना बारीकशी चूकही साचत जाते आणि थोड्याच वेळात उत्तर पार भरकटतं. तोडगा चालण्यातच सापडला. प्रत्येक पावलात तळवा क्षणभर जमिनीवर स्थिर असतो. त्या क्षणी वेग शून्य धरायचा आणि साचलेली चूक पुसून टाकायची. मनगटाला असा विसावा नसतो. बाजारात ट्रॉली ढकलताना माझं घड्याळ पावलं मोजत नाही, आणि आरतीच्या टाळ्यांना मात्र मोजतं.

आता अवघड भाग. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरच्या धावपटूंच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की अफगाणिस्तान, सीरियातल्या ओसाड भागात काही रेषा चमकताहेत. त्या लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटा होत्या. नाव कुणाचंच नव्हतं. तो नुसता जीपीएसचा माग होता. घोट्यावरची डबी तर दुखणंही सांगते.

ही डबी तेव्हा माझ्या पायाला असती तर? डॉक्टरांनी पाहिलं असतं तर कदाचित गुडघा वाचला असता. वरिष्ठांनी पाहिलं असतं तर कमांड गेली असती. म्हणून माझं मत असं, की हे आकडे जवानाला आणि डॉक्टरला दिसावेत, बढतीच्या फाइलीत जाऊ नयेत. पण एका रात्री उतारावर माझा पिट्ठू एका जवानाने स्वतःच्या पिट्ठूवर घेतला होता, न विचारता. पाय घसरला असता तर माझ्याबरोबर तोही गेला असता. त्याचा विचार केला की माझं हे मत तितकंसं पक्कं राहत नाही.

मंगळवारी पुन्हा डब्या बांधायच्या आहेत. दोन पायांतला फरक कमी झालाय, संपलेला नाही.