कुलपाचा कायदा आणि लोकमत



संगणकावरील गुप्तलेखन हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटले असेल. पण ज्यांनी आज दुपारी गुळाच्या अडतीचे पैसे फोनवरून पाठविले किंवा पुण्यास शिकणाऱ्या मुलीला निरोप धाडला, त्यांनी हे गुप्तलेखन वापरलेच आहे. त्यावर सरकारने जे निर्बंध घातले किंवा घालू पाहिले, त्यांना लोकांनी कसे तोंड दिले, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

प्रथम हे कुलूप समजून घेऊ. साध्या कुलपाला लावावयास आणि उघडावयास एकच किल्ली. या नव्या कुलपाला दोन. एक किल्ली खुशाल चावडीवर टांगून ठेवावी. तिने कोणीही आपणांस पत्र बंद करून पाठवावे. उघडण्याची किल्ली मात्र आपल्याच कनवटीस. आणि हीच जोडी उलट चालविली की सही होते: आपल्या किल्लीने उमटविलेली मुद्रा चावडीवरच्या किल्लीने कोणालाही पडताळता येते. शेतकरी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढतो, त्यावरची सही याच गणिताची आहे.

अशा सहीचे मोल कोल्हापूरकरांना आम्ही काय सांगावे? १८८२ साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांच्या चालकांवर खटला झाला तो कोल्हापूरच्याच प्रकरणावरून. चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो या कळवळ्याने टिळक-आगरकरांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची पत्रे छापली. ती बनावट ठरली, आणि दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्र कोणाचे हे पडताळण्याचे साधन नसले म्हणजे सज्जनही कसा फसतो, याचा हा आपल्या गावचा दाखला आहे. गुप्तलेखन म्हणजे निव्वळ लपवाछपवी असे जे मानतात त्यांनी तो आठवावा.

आता निर्बंधांकडे वळू. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या परवान्यांत असा नियम होता की, ४० बिटांहून मोठ्या किल्लीचे कुलूप परवानगीवाचून वापरावयाचे नाही, आणि वापरावयाचे तर किल्ली सरकारजमा करावयाची. असले ४० बिटांचे कुलूप १९९७ साली अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठातील संगणक जोडून साडेतीन तासांत उघडून दाखविले होते. इकडे २००१ साली रिझर्व्ह बँक बँकांना १२८ बिटांचे कुलूप लावा म्हणून सांगत होती. एका कचेरीने दार उघडे ठेवा म्हणावे, दुसरीने अडसर घाला म्हणावे! लोकांनी काय केले? काहीच नाही. नियम कोणाला ठाऊकच नव्हता, आणि जो तो तो मोडीत होता. आम्हांला ही स्थिती गंभीर वाटते. कारण सर्वांनी नकळत मोडलेला नियम हवा तेव्हा, हव्या त्या माणसावर उगारता येतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये मात्र चमत्कार झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४-अ च्या आधारे केंद्र सरकारने गुप्तलेखनाच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात सामान्य नागरिकानेही आपल्या बंद निरोपाची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी आणि पोलिसांनी मागताच द्यावी, असे कलम होते. म्हणजे जावयाशी झालेले बोलणे मोडीच्या दप्तरासारखे बांधून ठेवावयाचे! खाजगीपण हा मूलभूत हक्क नाही, असा युक्तिवाद सरकार सर्वोच्च न्यायालयात करीत असतानाच हा मसुदा आला. सूचनांसाठी १६ ऑक्टोबरपर्यंत मुदत होती. पण देशभर असा गिल्ला झाला की, २१ सप्टेंबरला व्हॉट्सॲप, फेसबुक, बँकेचे व्यवहार यांना सूट देणारी पुरवणी निघाली, आणि २२ तारखेस मंत्री रविशंकर प्रसाद यांनी मसुदाच मागे घेतला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला.

फोनवरच्या भामट्याने ज्याची पुंजी लुबाडली, तो म्हणतो की पोलिसांच्या हाती सर्व किल्ल्या द्या. त्याचे दुःख खरे आहे. जून २०२३ मध्ये आपल्याच शहरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट तोडावे लागले, हेही आपण पाहिले. पण त्या वेळचा मजकूर लपविलेला नव्हता, लोकांना दिसेल असा लावलेला होता; म्हणून तर भडका उडाला. आणि कुलपाला पोलिसांपुरते भोक पाडता येत नाही. भोक पडले की चोरही त्यातूनच हात घालतो. २०२१ च्या नियमांनी निरोपाचा पहिला कर्ता शोधून देण्याची सक्ती केली. तो एक शोधावयाचा तर प्रत्येकाच्या निरोपावर खूण ठेवावी लागेल, म्हणून व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

मग २८ एप्रिल २०२२ चा आदेश आला. संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन पुरविणाऱ्यांना गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि वापराचे कारण पाच वर्षे नोंदून ठेवावयास सांगितले. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरचा खाजगी बोगदा. पत्रकार, वरिष्ठांची लाच उघड करू पाहणारा कारकून, अशांना त्याचा आसरा. कंपन्यांनी आपल्या नोकरांसाठी बांधलेले बोगदे मात्र आदेशातून वगळले. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून नेले. थोड्या जाणत्यांनी आक्षेप घेतले; पण २०१५ चा गिल्ला कोठेच ऐकू आला नाही. तेव्हा आपल्या हातातल्या फोनला धक्का लागत होता. या वेळी धक्का दुसऱ्याच्या कुलपाला होता, आणि तो दुसरा कोण हे आम्हांला ठाऊक नव्हते. लाच उघड करणाऱ्या कारकुनाने आपल्या बाजूने मोर्चा काढावा, अशी अपेक्षा तर करता येत नाही!

२०१५ चा मसुदा मागे घेताना मंत्रिमहोदयांनी तो सुधारून पुन्हा आणू असे सांगितले होते, आणि कलम ८४-अ कायद्याच्या पुस्तकात अजून आहे. अध्यक्षांचा हात घंटेकडे गेलेला दिसतो. शंका असतील त्या त्यांच्या परवानगीने अवश्य विचाराव्यात.