डोळे मिचकावा म्हणणारं ॲप

मी भिलाईहून बोलतोय.

माझ्या युनिटमधल्या एका सुभेदाराचा अजून फोन येतो. सुरुंगाच्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. तरी मोबाईल तो माझ्यापेक्षा सफाईनं वापरतो, कारण टॉकबॅक त्याला पडद्यावरचं वाचून दाखवतं. मध्यंतरी एका बँकेच्या ॲपवर केवायसी करायला बसला. ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. त्यानं मला विचारलं, "साहेब, आता कुठले मिचकावू?"

मला हसू आलं नाही. खातं त्याचं, पैसे त्याचे. आणि शाखेत जायचं तर भाच्याची सुट्टी बघायची.

हेच गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध वकील यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, हा त्यातलाच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आधीपासून होताच.

आता आपल्यातली वेबसाइट बनवणारी तरुण मंडळी विचारतील, काका, करायचं काय?

चित्राला शब्दांत वर्णन जोडा. प्रत्येक बटनाला नाव द्या. नाहीतर अंध माणसाला नुसतं "बटन, बटन" ऐकू येतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक ठेवा. फिक्या करड्या रंगातली अक्षरं माझ्या वयालाही दिसत नाहीत. व्हिडिओखाली मजकूर द्या, म्हणजे कर्णबधिरांना कळेल. ओटीपीला पुरेसा वेळ द्या. थरथरत्या हातालाही तो टाइप करायचा असतो.

फौजेत नकाशा कितीही चांगला असला तरी रेकी केल्याशिवाय तुकडी हलत नाही. इथली रेकी सोपी आहे. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, बाण, स्पेस आणि एंटरच्या कळांनी तुमचाच फॉर्म भरा. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून, पडदा बंद करून पुन्हा भरा. जिथे अडाल, तिथेच माझा सुभेदार अडतो.

आणि शेवटी एखाद्या दिव्यांग व्यक्तीला बोलावून तपासून घ्या, त्या कामाचे पैसे देऊन.

जय हिंद.